सांध्यावरची अक्षरं

लहानपणी माझ्या पायात काच घुसली होती. तिसऱ्या दिवशी जांघेत बोराएवढी गाठ आली. आईने दोन बोटांनी ती चाचपली आणि विचारलं, "दुखतंय का?" मी कळवळलेच. "अवधाण आलंय," ती म्हणाली. "जखम भरली की बसेल." जखम तळपायाला आणि गाठ इतक्या वर, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. आठवड्याभरात जखम भरली, गाठही बसली.

चार वर्षांपूर्वी ताईच्या मानेला, कानाच्या थोडं खाली, तशीच गाठ हाताला लागली. आई आता नव्हती. मीच दोन बोटांनी चाचपलं आणि मीच विचारलं, "दुखतंय का गं?" ताई म्हणाली, "अजिबात नाही." ते ऐकून आम्ही दोघी निर्धास्त झालो. त्या निर्धास्तपणात तीन महिने गेले.

अहवालात आजाराचं नाव होतं फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग. खाली एका ओळीत 'टी' हे अक्षर आणि त्यापुढे कंसात १४ आणि १८ हे आकडे. चौदाव्या गुणसूत्राचा तुकडा अठराव्याला आणि अठराव्याचा चौदाव्याला जोडला गेला होता. ताईने विचारलं, "आमच्या घरात कुणालाच असं काही नव्हतं. मग हे आलं कुठून?" डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, "आईवडिलांकडून आलेलं नाही. या पेशी स्वतःचा डीएनए मुद्दाम कापतात आणि पुन्हा जोडतात. त्यांचं कामच ते आहे. त्या जोडकामात कधीतरी एकदा चूक झाली."

ताईने ते ऐकून मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र 'मुद्दाम कापतात' हे दोन शब्द अडकून बसले. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. पंचवीस वर्षं प्रूफं वाचतेय. मुळाबरहुकूम छापलं गेलं पाहिजे, एकही काना इकडचा तिकडे होता कामा नये, हेच माझं काम. पेशीबद्दल मी जे काही शाळेत शिकले होते, तेही याच धर्तीचं होतं. तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर, तो प्रत्येक पेशीत सारखाच, आणि त्याची नक्कल करताना चुका शोधून दुरुस्त करणारी चोख यंत्रणा. असं असताना कुठली पेशी स्वतःच्या मूळ प्रतीला कात्री लावेल? आणि का लावेल?

ताईच्या उपचारांच्या दिवसांत, बाहेरच्या बाकावर बसून मी हे वाचत गेले. सुरुवात भीतीने केली होती. पुढे वाचायचं थांबवता येईना.

या बी-पेशींचं काम प्रतिपिंडं बनवणं. प्रतिपिंड (अँटिबॉडी) म्हणजे रक्तातलं, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. वायच्या दोन्ही टोकांना एकेक खोबण असते आणि त्या खोबणीत आगंतुक विषाणूचा किंवा जिवाणूचा एखादा भाग नेमका बसतो. मागचा दांडा ठरावीक मोजक्या प्रकारांचा असतो. टोकं मात्र प्रत्येक प्रतिपिंडाची वेगळी. किती वेगळी असावीत याला सीमाच दिसत नव्हती, आणि शास्त्रज्ञांची झोप उडाली ती इथेच. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली. ही रसायनं निसर्गात कधी नव्हतीच, त्यामुळे त्या प्राण्यांच्या कुठल्याही पूर्वजाची त्यांच्याशी गाठ पडलेली असणं शक्य नव्हतं. तरी प्रतिपिंडं तयार झाली, आणि तीही अशी की दोन रसायनांतला बारीकसा फरकही ती ओळखत.

जे कधी जगात नव्हतं, त्याची ओळख शरीराला आधीच कशी असेल? १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सरळ उत्तर दिलं. प्रतिपिंडाची साखळी आधी सैल असते, ती पाहुण्याभोवती गुंडाळली जाते आणि त्याचा साचा घेते. पटण्यासारखं आहे. मला तर पहिल्यांदा वाचताना हेच खरं वाटलं. पण ते खरं नव्हतं. प्रथिनाचा आकार त्याच्यातल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून ठरतो, समोर कोण आलं यावरून ठरत नाही. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलटं मांडलं. प्रत्येक बी-पेशी आपलं एकच प्रतिपिंड आधीच बनवून, अंगावर मिरवत फिरत असते. पाहुणा येतो, ज्या पेशीशी त्याचं जुळतं ती निवडली जाते आणि तिच्याच प्रती वाढत जातात.

म्हणजे शरीर शत्रूला पाहून शस्त्र घडवत नाही. कोण येणार हे ठाऊक नसताना आधीच अगणित शस्त्रं घडवून ठेवतं. यातली बहुतेक कधीच वापरली जात नाहीत. ज्या पेशीशी जुळणारं कधी काही आलंच नाही, ती काही दिवसांनी, फार तर काही महिन्यांनी मुकाट मरते. एकटीने बाकावर बसून हे वाचताना मला त्या न वापरल्या गेलेल्या पेशींचं काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. कृतज्ञता हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द.

पण मग हिशेब कुठे जुळतो? माणसाच्या सगळ्या प्रथिनांची मिळून जनुकं वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक प्रतिपिंडाला एक जनुक म्हटलं तर सगळा मजकूर संपला तरी पुरणार नाही. १९६५ मध्ये विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी धाडस करून लिहिलं की एकच साखळी दोन जनुकांपासून बनत असावी आणि ती जनुकं कुठेतरी एकत्र येत असावीत. जनुक आपली जागा सोडत नाही असं तेव्हा जवळजवळ सगळे मानत, त्यामुळे हे फार थोड्यांच्या पचनी पडलं.

उत्तर मिळालं १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रतिकारशास्त्र संस्थेत. सुसुमु तोनेगावा हे जपानी रेणुजीवशास्त्रज्ञ १९७१ मध्ये तिथे आले होते. प्रतिकारशास्त्र हा त्यांचा मूळ विषयही नव्हता. त्यांनी आणि नोबुमिची होझुमी यांनी दोन प्रकारचा डीएनए घेतला: एक उंदराच्या गर्भाचा, दुसरा उंदराच्या अशा गाठीचा जी एकच प्रतिपिंड ओतत असते. दोन्ही एकाच विकराने (एन्झाइमने) कापले. तुकडे जेलमधून लांबीप्रमाणे वेगळे केले आणि हलक्या साखळीचा मजकूर कुठल्या तुकड्यात सापडतो ते पाहिलं. गर्भाच्या डीएनएत बदलत्या भागाचा मजकूर एका तुकड्यात आणि कायम भागाचा दुसऱ्याच तुकड्यात. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत दोन्ही एकाच तुकड्यात. एकाच जातीच्या प्राण्याचा मजकूर, पण एका पेशीत पान वेगळं लागलेलं. १९८७ चं नोबेल तोनेगावा यांना एकट्याला मिळालं.

आता हे पान कसं लावलं जातं ते जरा जवळून पाहू. माणसाच्या जड साखळीचा मजकूर चौदाव्या गुणसूत्रावर, अगदी टोकाशी आहे. (ताईच्या अहवालातला १४ तो हाच.) तिथे 'व्ही' नावाचे चालू स्थितीतले चाळीसेक तुकडे ओळीने उभे आहेत, पुढे 'डी'चे २३ आणि मग 'जे'चे ६. नेमका आकडा माणसागणिक थोडा बदलतो. अस्थिमज्जेत बी-पेशी वाढत असताना ती आधी एक डी आणि एक जे उचलून जोडते, मग त्याला एक व्ही. मधलं सगळं गळून जातं. हलक्या साखळीत डी नसतो. तिची दोन कोठारं, एक दुसऱ्या गुणसूत्रावर, एक बाविसाव्यावर. गुणाकार सोपा आहे. जड साखळीच्या ४० गुणिले २३ गुणिले ६, म्हणजे ५,५२० जोडण्या. हलकीच्या दोन्ही कोठारांच्या मिळून ३२० धरल्या, तर एकूण जोड्या १७ लाख ६६ हजारांच्या घरात. बाराखडीत व्यंजनं थोडी, स्वरचिन्हं बारा, आणि त्यातून सगळी भाषा उभी राहते, तसंच हे.

कात्री चालवणारी प्रथिनं दोन, रॅग-१ आणि रॅग-२. डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ओटिंगर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ती १९८९-९० मध्ये शोधली. प्रत्येक तुकड्याच्या कडेला खुणेची अक्षरं असतात: आधी सात, शेवटी नऊ, आणि मध्ये १२ किंवा २३ अक्षरांची मोकळी जागा. १२ अक्षरं म्हणजे डीएनएच्या पिळाचा साधारण एक वेढा, २३ म्हणजे दोन. कात्री नेहमी एक बारावाली खूण आणि एक तेविसावाली खूण अशीच जोडी धरते. दोन सारख्या खुणा ती जोडत नाही. त्यामुळे व्हीला व्ही चिकटत नाही. एवढ्या साध्या नियमावर हा सगळा खटाटोप शिस्तीत राहतो.

मधला जो भाग गळतो, त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून बहुधा एक छोटं कडं तयार होतं. पेशी विभागली तरी त्या कड्याची नक्कल होत नाही, म्हणून ते हळूहळू विरळ होत जातं. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्येही रॅगचीच कात्री चालते आणि तिथेही अशी कडी पडतात. २००८ पासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, आणि त्यानंतर इतर अनेक ठिकाणी, नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही कडी मोजतात. कडी सापडली तर कात्री चालते आहे. जवळजवळ नसलीच तर बाळाची प्रतिकारशक्तीच उभी राहत नाहीये, आणि वेळेवर कळलं तर त्याला वाचवता येतं. टाकून दिलेल्या कागदाच्या कपट्यांवरून छापखाना चालू आहे की नाही हे ओळखावं, तसं हे.

इथवर मी मान हलवत वाचलं. खरा धक्का पुढे होता, आणि तो सांध्यात होता.

शाळेत संधी शिकताना विद्या आणि आलय यांचं विद्यालय होतं, दोन 'आ' भेटतात आणि एकच उरतो. जगत् आणि नाथ यांचं जगन्नाथ होताना 'त्' जाऊन 'न्' येतो. वृक्ष आणि छाया यांच्यामध्ये कुठूनसा एक 'च्' येऊन बसतो आणि वृक्षच्छाया होते. दोन शब्द जिथे भेटतात तिथली अक्षरं जशीच्या तशी राहत नाहीत. व्ही, डी आणि जे यांच्या सांध्यावर नेमकं हेच घडतं. कापलेली टोकं आधी वळून बंद होतात. ती उघडली जातात तेव्हा चीर थोडी बाजूला पडते, काही अक्षरं कुरतडली जातात, आणि मग एक विकर येतं, टीडीटी नावाचं. ते टोकाला नवी अक्षरं लावत जातं. कुठून आणून? कुठूनच नाही. डीएनएची नक्कल करणारी विकरं समोर मूळ प्रत ठेवून लिहितात. हे मूळ प्रतीशिवाय लिहितं. संधीला नियम असतात, या अक्षरांना कुठलाच नियम नाही.

मी वाचन थांबवून बराच वेळ तशीच बसले. आयुष्यभर मुळात नसलेलं अक्षर दिसलं की त्यावर लाल रेघ ओढत आले. आणि इथे माझ्याच हाडांच्या पोकळीत, या क्षणी, कुठल्याही प्रतीत नसलेली अक्षरं लिहिली जात होती, आणि माझा जीव त्यांच्यावर टिकून होता. कारण हा सांधा पडतो तो थेट खोबणीच्या मध्यावर. पाहुण्याला सर्वांत जवळून भिडणारा भाग हाच. सतरा लाखांचा आकडा या सांध्यामुळे दहा हजार कोटींच्याही पुष्कळ पुढे जातो.

याची किंमतही मोठी आहे. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. 'कमळ मगर गवत' यातलं पहिलं अक्षर पुसा आणि पुन्हा तिनांचे गट करा: 'मळम गरग वत'. काहीच अर्थ राहिला नाही. सांध्यावर अक्षरं वाटेल तशी घटली-वाढली तर तीनपैकी दोनदा असंच होणार. पेशी मग आईकडून आलेलं गुणसूत्र वाया गेलं तर वडिलांकडून आलेल्यावर प्रयत्न करते. दोन्ही फसले की तिचं आयुष्य तिथेच संपतं. जड साखळी जमली तर हलकीचा खेळ पुन्हा पहिल्यापासून. तीही जमली तर शेवटची परीक्षा: हे नवं प्रतिपिंड स्वतःच्याच शरीराला चिकटत नाही ना? चिकटत असेल तर हलकी साखळी बदलून पाहायची मुभा मिळते, आणि तेही नाही साधलं तर मरण. मज्जेत जन्मलेल्या बहुतेक बी-पेशी बाहेरचं रक्त पाहत नाहीत.

मग जांघेतलं अवधाण? ते मला फार उशिरा कळलं. काच घुसली तेव्हा तळपायातून जंतूंचे कण लसिकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाबरोबर, वर आले आणि जांघेतल्या लसिकाग्रंथीत पोचले. तिथे ज्या बी-पेशींशी थोडंफार जुळलं, त्या भराभर वाढू लागल्या. ग्रंथी सुजते ती या गर्दीने. आणि जखम चिघळत राहिली तर त्या गर्दीत आणखी एक गोष्ट सुरू होते: जोडून झालेल्या मजकुरातच अक्षरं बदलायला लागतात. क्योटोमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये शोधलेलं एड नावाचं विकर हे करतं. दर विभाजनात हजार अक्षरांमागे सुमारे एक, म्हणजे नेहमीच्या चुकांच्या दहा लाख पट. ज्या पेशीचं प्रतिपिंड बदलून अधिक घट्ट बसतं ती पुढे जाते, बाकीच्या गळतात. आई ज्या गाठीवर बोटं ठेवून बसली होती, तिच्या आत अशी निवड चालते हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

या निवडीतून उरलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं टिकतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या ३२ जणांचं रक्त तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे ९१ ते १०१ वर्षांचे. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती, आणि काहींच्या रक्तात ती बनवणाऱ्या पेशीही जिवंत सापडल्या.

ही कात्री मुळात आपली नव्हती, असं आता दिसतं. डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारी जनुकं असतात. पन्नासेक कोटी वर्षांपूर्वी तसलं एक जनुक आपल्या जबडेवाल्या पूर्वजांच्या मजकुरात शिरलं आणि तिथेच कामाला लागलं. शार्कपासून आपल्यापर्यंत सगळे त्याच्यावर जगतो. कात्री वारशाने मिळते, व्ही, डी, जे तुकडेही वारशाने मिळतात. पण सांध्यावरची अक्षरं नाहीत. एकसारख्या जुळ्या बहिणींमध्येही ती वेगळी असतात. ती आईवडिलांकडून आलेली नाहीत आणि मुलांना देताही येत नाहीत. आई बाळाला गर्भात असताना आपली प्रतिपिंडं देते, पण तयार माल म्हणून देते. काही महिन्यांत ती संपतात. 'हे आलं कुठून' या ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. तिच्या मज्जेत कधीतरी, 'जे' तुकड्याशी कात्री चालली असताना, अठराव्या गुणसूत्राचं तुटकं टोक येऊन तिथे जोडलं गेलं. त्या टोकावर बीसीएल-२ नावाचं जनुक होतं. त्याचं काम पेशीला मरू न देणं. अशी चूक झालेल्या पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतात आणि बहुतेकांना काही होत नाही. ताईच्या बाबतीत पुढे आणखी काही बिघडलं. जिने मरायला हवं होतं अशी पेशी मेली नाही. म्हणून ताईची गाठ दुखत नव्हती. तिथे कसली झुंज चालली नव्हती, फक्त साठत चाललं होतं.

तिला जे औषध दिलं त्याचं नाव रिटुक्सिमॅब. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते स्वतःच एक प्रतिपिंड आहे. टोकं उंदराची, दांडा माणसाचा. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एखाद्या उंदराच्या एका बी-पेशीत एके दिवशी व्ही, डी आणि जे जोडले गेले, त्यातून बी-पेशींच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनावर नेमकं बसणारी खोबण तयार झाली, आणि तीच खोबण सलाईनच्या नळीतून माझ्या बहिणीच्या शिरेत थेंबाथेंबाने जात होती. पहिल्या दिवशी ते अगदी हळू सोडतात. पाच तास मी त्या थेंबांकडे पाहत होते.

त्या औषधाने चांगल्या बी-पेशीही जातात. पुढचे काही महिने ताईच्या रक्तात त्या जवळजवळ नव्हत्याच. त्या काळात लस दिली तरी नीट लागू पडत नाही. लहानपणच्या आजारांची जुनी प्रतिपिंडं मात्र मज्जेतल्या जुन्या पेशी बनवत राहतात, त्यांच्यावर ते प्रथिन नसतं म्हणून त्या वाचतात. मग अकराव्या महिन्यात अहवालात बी-पेशींचा आकडा शून्यावरून थोडा वर आला. तो कागद मी जपून ठेवलाय. त्या पेशी नव्याने कापलेल्या होत्या, त्यांचे सांधे आधी कधीच कुठे नव्हते.

गेल्या महिन्यात रात्री ताईचा फोन आला, आवाज कापत होता. जांघेत गाठ लागतेय म्हणाली. मी तशीच निघाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं आणि आठवड्याने ती बसली, पण ते नंतरचं. त्या रात्री मी पोचले तेव्हा ती पलंगावर बसून होती. टाचेला पट्टी होती, तीन दिवसांपूर्वी फुटलेल्या भांड्याची काच लागली होती. ते फोनवर सांगायचंही तिला सुचलं नव्हतं. मी दोन बोटं गाठीवर ठेवून जरा दाबलं.

"आई गं!" तिने माझा हात झटकला. "दाबू नकोस ना."

"खूप दुखतंय?"

"खूप."